ओळख असू द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी खराडीला राहतो. पुण्याच्या पूर्व टोकाला, मुळा-मुठेच्या काठी. १९९७ साली हे गाव महापालिकेत आलं. त्याआधी इथं शेतं होती आणि शेतांमधल्या वस्त्या होत्या. थिटे वस्ती हे नाव अजून त्याची साक्ष देतं. आता काचेच्या इमारती आहेत, आयटी पार्क आहे आणि शेजारच्या वाघोलीपर्यंत महाविद्यालयं पसरली आहेत. नगर, बीड, जालना, परभणीकडून येणाऱ्या गाड्या नगर रस्त्यानं पुण्यात शिरतात. त्यामुळं मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांची पुण्याशी पहिली गाठ पडते ती शनिवारवाड्यापाशी नव्हे, तर खराडी बायपासच्या चौकात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हे दृश्य इथं रोजचं असतं. एक बॅग, एक बादली, दोरीनं बांधलेली गादीची वळकटी आणि बरोबर वडील किंवा मामा. ते संध्याकाळच्या गाडीनं परत जातात आणि पोरगं किंवा पोरगी मागं राहते.

आज मला बोलायचं आहे ते या मुलामुलींच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांबद्दल. कॉलेजच्या भाषेत, नव्या सत्राच्या सुरुवातीबद्दल.

आमच्या वेळी वर्षाची परीक्षा असायची. जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायचं, दिवाळीपर्यंत आम्ही शहर पाहायचो, दिवाळीनंतर पुस्तकं आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. रुळायला चार-पाच महिने मिळायचे. आता तसं नाही. आता सहा महिन्यांचं सत्र असतं. त्यात शिकवण्याचे दिवस साधारण नव्वद धरले जातात. पहिल्या महिन्यात अंतर्गत चाचणी येते, जर्नलं येतात, सबमिशन येतं आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम पहिल्या दिवसापासून लागतो. म्हणजे नव्या गावात पाणी कुठलं प्यावं हे कळायच्या आत परीक्षा दारात उभी असते.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश फेऱ्यांनी होतात. कॅप राउंड म्हणतात त्याला. पहिल्या फेरीतली मुलं आधी येतात, शेवटच्या फेरीतली बरीच नंतर. उशिरा येणारा मुलगा वर्गात पाऊल टाकतो तेव्हा बाक वाटले गेलेले असतात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा हे ठरलेलं असतं, प्रॅक्टिकलच्या जोड्या जमलेल्या असतात. कुणी वाईट नसतं. त्याला कुणी हाकलतही नाही. फक्त त्याच्यासाठी सरकून जागा करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या पाहण्यात जी मुलं पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून गावी परतली, त्यांच्यात अशी उशिरा आलेली मुलं बरीच होती.

आपल्या मराठीत 'ओळख' हा शब्द मोठा कामाचा आहे. ओळख करून देणं वेगळं, ओळख होणं वेगळं, ओळख पटणं वेगळं. आणि निरोप घेताना आपण म्हणतो, "ओळख असू द्या." म्हणजे ओळख एकदा होऊन भागत नाही, ती ठेवावी लागते. कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देण्याचा कार्यक्रम आता बहुतेक ठिकाणी होतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं अभियांत्रिकीच्या नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सांगितला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली 'दीक्षारंभ' नावानं तसाच कार्यक्रम सगळ्या महाविद्यालयांसाठी आखून दिला. त्यामागची कल्पना चांगली आहे. पण पुष्कळ ठिकाणी त्याचं रूप काय होतं? सभागृहात तीनशे मुलं, मंचावर पाहुणे, पुष्पगुच्छ, संस्थेच्या प्रगतीचा आढावा आणि शेवटी राष्ट्रगीत. मुलाला सगळ्यांची नावं कळतात. त्याचं नाव कुणाला कळत नाही.

मला वाटतं, नव्या मुलाला पहिल्या महिन्यात उपदेशाची गरज फार थोडी असते. त्याला गरज असते ती अशा एका माणसाची, ज्याला त्याचं नाव ठाऊक आहे आणि तो दोन दिवस दिसला नाही तर ज्याच्या ते लक्षात येईल. आजचं माझं सांगणं एवढंच आहे. पुढं जे बोलणार आहे ते याचाच विस्तार.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरं. कुणी माधुकरी मागायचे. त्यात मिंधेपण होतं, अपमानही होता. त्या काळच्या आत्मचरित्रांत ते सगळं आलेलं आहे. आणि त्या घरांची दारं बहुतेक जातीपुरतीच उघडी होती. आमच्यासारख्यांच्या पोरांना तिथं वार मिळाला नसता. हे सगळं मान्य करूनही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मंगळवारच्या घरी मुलगा आला नाही, तर बुधवारपर्यंत ते कुणाच्या तरी लक्षात यायचं. त्याच्या नावाचं पान वाढलेलं असायचं.

ही दारं सगळ्यांसाठी उघडायचं काम राजर्षी शाहू महाराजांनी केलं. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आणखीही कितीतरी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. शाळा काढल्या म्हणजे काम झालं असं महाराजांनी मानलं नाही. खेड्यातलं पोरगं शाळेपर्यंत पोचलं तरी रात्री ते कुठं झोपणार, कुणाबरोबर जेवणार, हा प्रश्न त्यांना दिसला होता.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्या मुलानं पुढं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात एक बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही विकलं. भाऊरावांनी मुलांना नुसतं जेवू घातलं नाही, त्यांच्या हाताला काम दिलं. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना आज आपल्या विद्यापीठांमध्ये चालते, पुण्यातही चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यांतून आलेल्या हजारो मुलामुलींना समितीनं आसरा दिला.

ही यादी मी अभिमानानं सांगतो, पण त्यातलं मर्म वेगळंच आहे. या सगळ्या ठिकाणी मुलाला खाट मिळाली, ताट मिळालं आणि त्याबरोबर हजेरी मिळाली. कॉलेजात टक्के मोजण्यासाठी घेतात ती हजेरी नव्हे. तू आलास का, जेवलास का, घरून पत्र आलं का, ही हजेरी.

मी स्वतः १९८८ साली धाराशिव जिल्ह्यातून पुण्यात बी.ए. करायला आलो. खोली शोधायला निघालो की सुरुवातीला बोलणं छान व्हायचं. भाडं ठरायचं, नळाला पाणी किती वाजता येतं तेही कळायचं. मग घरमालक नाव विचारायचे. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. असं पाच-सहा ठिकाणी झालं. कुणी रागावून बोललं नाही, सगळे अगदी गोड बोलले. शेवटी पूर्व भागातल्या एका वाड्यात जिन्याखालची खोली मिळाली आणि गल्लीच्या टोकाला एक खाणावळ मिळाली. ती चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणायचो. नवऱ्यामागं तीन मुलं त्यांनी त्या खाणावळीवर वाढवली. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती. प्रत्येकाच्या नावापुढं दोन वेळच्या खुणा. पैशांचा हिशेब होता तो. पण एकदा मी तापानं पडलो आणि दोन दिवस गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी मावशींनी एका पोराच्या हाती डब्यात आमटी-भात पाठवला आणि निरोप दिला, "तुझ्या दोन दिवसांचे चार खाडे पडलेत, मेला आहेस की जिवंत ते सांग." त्या निरोपात लाडाचा शब्द एकही नव्हता. पण ज्या शहरात माझं नाव ऐकून खोल्या गायब होत होत्या, तिथं एका वहीत ते नाव लिहिलेलं होतं आणि त्याच्या पुढची खूण रिकामी राहिली तर कुणाला तरी ती खटकत होती. मी पुण्यात टिकलो त्याला माझी हुशारी फारशी कारण नाही.

आता आजची खराडी पाहा. चंदननगरपासून थिटे वस्तीपर्यंत गल्लोगल्ली पीजीच्या पाट्या आहेत. कॉट बेसिसवर जागा मिळते. वायफाय आहे, गरम पाणी आहे, कपडे धुण्याचं यंत्र आहे, दारावर कॅमेरा आहे. आमच्यापेक्षा या मुलांची सोय शंभर पटींनी बरी, आणि ती बरीच असायला हवी. पण एका खोलीत तीन मुलं राहतात, तिन्हींची कॉलेजं वेगळी, वेळा वेगळ्या. एखादा आयटी कंपनीत रात्रपाळी करणारा, तो दिवसा झोपलेला. जेवण मोबाईलवर मागवलं की दारात येतं आणि आणणारा माणूस दर वेळी वेगळा. म्हणजे एखादं पोर आठ दिवस कुणाशी न बोलता इथं सहज राहू शकतं. पैसे वेळेवर भरलेले असले तर कुणालाही त्याची दखल घ्यायचं कारण पडत नाही.

याची किंमत काय, तेही बोललं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. प्रत्येकामागची कारणं वेगळी असतात आणि एका कारणावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. एकटेपण हेच कारण, असं मी म्हणणार नाही. पण संकट कुठलंही असो, ते एकट्यानं झेलणं आणि कुणाला सांगून झेलणं यात फरक पडतो, एवढं आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यासंबंधी देशभरच्या शिक्षण संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. मला त्यातली दुसरी सूचना जास्त मोलाची वाटते. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक ठरलेला मार्गदर्शक द्यावा, विशेषतः परीक्षेच्या काळात आणि अभ्यासक्रमातल्या बदलाच्या टप्प्यावर. नवं सत्र हा असाच टप्पा आहे.

कुणी म्हणेल, दोन शब्द बोलून काय होतं? अमेरिकेतल्या वॉल्टन आणि कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. अनुभव साधे होते: सुरुवातीला मलाही वाटायचं की मी इथला नाही, मग हळूहळू ते गेलं. सगळा प्रकार तासाभराचा. पण ज्या कृष्णवर्णीय मुलांनी ते वाचलं, त्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत तसं न वाचलेल्या मुलांपेक्षा वाढत गेले. कारण सोपं आहे. एकटा पडलेला मुलगा समजतो की कमतरता माझ्यातच आहे, माझं इंग्रजी, माझे कपडे, माझं आडनाव. हे सगळ्यांनाच वाटतं आणि ते सरतं, असं त्याला त्याच वाटेनं गेलेल्या कुणी सांगितलं, तर तो स्वतःवर शिक्का मारत नाही.

आता आमच्या खराडीतला एक छोटा उद्योग सांगतो. त्याला संस्था नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. आमच्या गल्लीतली सहा घरं आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की ऑगस्ट-सप्टेंबरातल्या रविवारी आसपासच्या पीजीतल्या नव्या मुलामुलींना चहाला बोलवायचं. पीजीच्या दारावर हातानं लिहिलेला कागद लावला. पहिल्या रविवारी तीन मुलं आली, तीही आपसांत कुजबुजत, की हे लोक काही विकणार तर नाहीत? माझ्या बायकोनं पोहे केले होते, समोरच्या काकूंनी शिरा. खाणं संपलं, मुलं गेली. दुसऱ्या रविवारी अकरा आली.

यातून आम्ही काही गोष्टी शिकलो. पहिली, भाषण करायचं नाही. एका रविवारी एका निवृत्त गृहस्थांनी ध्येय, जिद्द आणि वेळेचं नियोजन यावर पाऊण तास घेतला. पुढच्या रविवारी चारच मुलं आली. मी कवी आहे, पण मीसुद्धा तिथं कविता म्हणत नाही, त्यांनी मागितली तरच.

दुसरी, पाहुण्यासारखं वागवलं की मूल लाजतं, काम सांगितलं की येतं. शेजारच्या दहावीच्या मुलीला गणित समजावून दे, आमच्या मोबाईलमध्ये अमुक कर, पुस्तकांच्या पेट्या माळ्यावर चढवायला ये. परभणीकडचा एक मुलगा दोन रविवार कोपऱ्यात बसून होता. तिसऱ्या रविवारी कळलं की त्याच्या वडिलांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. समोरच्या इमारतीतली पाण्याची मोटार बंद पडली होती, ती त्यानं तासाभरात चालू केली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्याला नावानं हाक मारली जाते. भाऊरावांनी मुलांच्या हाती कुदळ दिली ती पैसे वाचवण्यासाठी, असं मला लहानपणी वाटायचं. आता त्यातलं दुसरं शहाणपण कळतं. आपली कुणाला तरी गरज आहे हे कळलं की माणूस त्या जागी राहतो.

तिसरी, जिल्ह्याचा सीनियर ही मोठी गोष्ट आहे. बीडच्या नव्या मुलाला बीडचाच तिसऱ्या वर्षाचा मुलगा भेटला, की शिष्यवृत्तीचा अर्ज, बसचा पास, कुठल्या सरांच्या विषयात काय विचारतात, हे सगळं अर्ध्या तासात मार्गी लागतं. सीनियर म्हटलं की लोकांना रॅगिंग आठवतं. ते खोटं नाही. महाराष्ट्रानं १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला, आयोगानं २००९ साली कडक नियम केले आणि त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांकही आहे. त्रास झाला तर तो जरूर वापरावा. पण रॅगिंगच्या भीतीनं नव्या-जुन्यांना एकमेकांपासून तोडून टाकलं, तर नव्या मुलाचा सगळ्यात जवळचा वाटाड्या जातो.

चौथी गोष्ट, पैशांची. एकटेपणाच्या मुळाशी कितीदा तरी पैसाच असतो. वाढदिवसाची वर्गणी द्यायला नको म्हणून मूल मित्र करायचंच टाळतं. त्याला हक्काचं काय मिळू शकतं हे माहीत नसतं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत ठरवली गेली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. पण या रकमा सत्र सुरू होताच हातात पडत नाहीत, आणि मेसवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. अशा वेळी एखाद्या घरमालकानं, "दे सवडीनं," म्हटलं, तर ती त्या पोराची दुसरी शिष्यवृत्तीच असते.

पाचवी गोष्ट आम्हाला उशिरा कळली, पण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. सत्र वर्षातून दोनदा सुरू होतं. ऑगस्टमध्ये सगळ्यांना उत्साह असतो. कॉलेज फ्रेशर्स पार्टी करतं, आम्ही पोहे करतो. जानेवारीत कुणी काही करत नाही. आणि खरी कसोटी तेव्हाच असते. पहिल्या सत्राचा निकाल लागतो. दहावी-बारावीला नव्वद टक्के मिळवलेलं पोरगं चार विषयांत नापास होतं. वर्गात दोन गट पडतात, पास झालेले आणि बॅक राहिलेले. मग ते मूल रविवारी यायचं थांबतं, मेसला जायचं थांबतं, फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच बोलतं. म्हणून आता आम्ही जानेवारी-फेब्रुवारीतही चहा ठेवतो, आणि जो आला नाही त्याला फोन करतो. "का आला नाहीस?" असं विचारत नाही. "तुझ्या वाटचा शिरा ठेवलाय, कधी नेतोस?" असं विचारतो.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. खेड्यातली मुलगी पुण्यात येते तेव्हा घरात बहुधा भांडून आलेली असते. तिला निरोप देताना वडील प्रेमानंच म्हणतात, "नाही जमलं तर परत ये." तिच्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. आपण एक तक्रार केली की आपलं शिक्षण बंद, असं ती धरून चालते. मग खोलीवर त्रास असो, रस्त्यावर कुणी पाठलाग करो, आजारपण असो, ती घरी सांगत नाही. पालकांना माझी विनंती आहे, मुलीला जाताना एवढंच सांगा, "काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही, म्हणून काहीही सांग." हे वाक्य तिच्या बॅगेत लाडवांच्या डब्याइतकंच आवश्यक आहे.

प्राध्यापक मंडळी ऐकत असतील तर त्यांनाही एक विनंती. तुमच्यामागं कामाचे ढीग आहेत, वर्गात साठ-सत्तर मुलं आहेत, पुष्कळजण तासिका तत्त्वावर राबता आहात, हे मी जाणतो. तरी पहिल्या महिन्यात रोल नंबरऐवजी नावानं हजेरी घ्या. नाव नीट उच्चारा. उच्चार येत नसेल तर विचारा. माझ्या नावाचा उच्चार पहिल्याच तासाला मला विचारून घेणारे एक सर होते, आणि त्यांचा तास मी कधी बुडवला नाही. शेवटच्या फेरीतून आलेल्या मुलाला प्रॅक्टिकलसाठी जोडीदार तुम्हीच द्या, त्याला शोधायला लावू नका.

घरमालक आणि मेसवाले बंधुभगिनींनो, भाडेकरूची माहिती तुम्ही पोलिसांना देताच. त्याच वेळी त्याच्या घरचा एक क्रमांक तुमच्या वहीतही लिहून ठेवा, आणि खोली देताना नाव ऐकून दार लावू नका. मूल दोन दिवस दिसलं नाही तर दार वाजवा. ते दिवसचे दिवस झोपून राहत असेल, जेवत नसेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, "माझं काही खरं नाही" असं बोलत असेल, तर थट्टेवारी नेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतोय का?" विचारल्यानं वाईट विचार मनात येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक पीजीच्या भिंतीवर, भाड्याच्या नियमांशेजारी लावून ठेवा.

आणि जी मुलंमुली आत्ता एखाद्या खोलीत कानाला मोबाईल लावून हे ऐकत असतील, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. पहिली, तुम्हाला आज जे परकं वाटतंय ते तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही वाटतंय, फक्त तो बोलत नाही. दुसरी, ओळख व्हायची वाट पाहू नका. चहाच्या टपरीवर रोज एकाच वेळी जा, वाचनालयात एकच जागा धरा, मेसमध्ये ताट घेऊन एकट्या बसलेल्याच्या समोर बसा. रोज एका वेळी एका जागी दिसणाऱ्या माणसाची ओळख आपोआप होते. आणि पुढच्या वर्षी तुमच्या गावाकडचं कुणी बायपासला उतरलं, तर त्याची बादली तुम्ही उचला.

आमच्याकडे येणारी मुलं मला कुणी काका म्हणतात, कुणी चाचा म्हणतात. शिकून ती जातात. कुणी हिंजवडीला, कुणी बंगळुरूला, कुणी परत गावी दुकानावर. सगळी फोन करत नाहीत आणि करावा अशी अपेक्षाही नाही. पण सहा घरांनी रविवारचा एक तास दिला तर दरवर्षी वीस-पंचवीस मुलांची नावं कुणाच्या तरी तोंडी राहतात, हा आमचा अनुभव आहे. त्याला ना मोठा पैसा लागतो, ना परवानगी. तुमच्या गल्लीतही एखादं पीजी असेल. येत्या रविवारी तिथं एक कागद लावून पाहा. चहाची वेळ लिहा आणि खाली तुमचं नाव लिहा.

ओळख असू द्या.